किती खातो, किती खेळतो?



बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात रोज कानी पडणारं एक वाक्य आहे : ‘डॉक्टर, हा काही खातच नाही हो!’ आई हे सांगत असते, तेव्हा तीन वर्षांचे चिरंजीव टेबलावर चढतात, उतरतात, वजनकाट्यावर उड्या मारतात. या धावपळीला लागणारी ऊर्जा कुठून तरी येतच असणार. पण ती किती, हे मोजायचं कसं?

पोटात जाणारं अन्न मोजणं त्या मानानं सोपं. १९८५ सालच्या आंतरराष्ट्रीय अहवालात लहान मुलांची गरज ठरवताना, निरोगी मुलं किती खातात हाच आधार घेतला होता. त्यात थोडी भरही घातली होती. खर्च मोजण्याची खात्रीची पद्धत पुढे हाती आली. मुलाला खास पाण्याचा घोट पाजायचा. त्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू नेहमीपेक्षा किंचित जड असतात. त्यांत किरणोत्सर्ग नसतो. जड हायड्रोजन पाण्यावाटेच शरीराबाहेर पडतो, ऑक्सिजन मात्र पाण्याबरोबरच उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो. आठ-दहा दिवस लघवीचे नमुने तपासून दोन्हींतला फरक काढला, की शरीरानं किती इंधन जाळलं ते कळतं. मूल मात्र घरी नेहमीसारखं हुंदडत असतं. माणसांवर ही पद्धत १९८२ साली वापरली गेली. तिच्या आधारे २००४ च्या अहवालात सात वर्षांखालील मुलग्यांची ऊर्जेची गरज आधीपेक्षा सरासरी १८ टक्के, तर मुलींची २० टक्के कमी धरण्यात आली.

ही पद्धत महाग आहे. शिवाय ती एकूण खर्च सांगते, पण मूल केव्हा पळालं आणि केव्हा बसलं हे सांगत नाही. त्यासाठी कमरेला काडेपेटीएवढं हालचाल-मापक यंत्र बांधतात. पण मुलांची चाल मोठ्यांसारखी नसते. आपण अर्धा तास सलग फिरतो. मूल धावतं, थांबतं, मुंगी बघतं, पुन्हा धावतं. अमेरिकेत १९९५ साली सहा ते दहा वर्षांच्या मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं, तेव्हा जोरदार हालचालीचा एकेक झटका साधारण तीनच सेकंदांचा निघाला! यंत्रानं मिनिटामिनिटाची बेरीज केली, तर हे झटके सरासरीत बुडून जातात. म्हणून लहान मुलांसाठी पंधरा सेकंद किंवा त्याहून कमी अंतरानं नोंद घेतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण ऊर्जा कमी पडली की शरीर काटकसर करतं, आणि खेळावरचा खर्च कमी करणं त्याला सोपं जातं. युगांडातल्या खेड्यांतल्या एक ते तीन वर्षांच्या मुलांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा आहार कमी होता आणि धावणं-पळणंही युरोपातल्या मुलांपेक्षा कमी होतं. अंगणवाडीत वजनाची नोंद होते, पण मंदावलेल्या खेळाची नोंद काटा करत नाही. उलट आपण कौतुकानं म्हणतो, ‘किती गुणी बाळ, एका जागी बसून असतं!’

आज असा शांतपणा हातातल्या मोबाइलमुळेही येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात एकूण १८० मिनिटं हालचाल करावी. त्यातली निदान ६० मिनिटं दमवणारी असावीत. पडद्यासमोर बसणं तासाभराहून जास्त नको.

तुमच्याकडे यंत्र नाही, खास पाणी नाही. पण डोळे आहेत. वजन-उंची वयाप्रमाणे वाढते आहे आणि मूल धूम पळतं आहे, तर घास घेऊन त्याच्यामागे धावू नका. मात्र कालपर्यंत अंगण डोक्यावर घेणारं मूल आठवडाभर कोपऱ्यात बसून राहिलं, तर ‘शहाणं झालं’ म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तिथे ते किती खातं हे सांगाल, तेव्हा किती खेळतं हेही आठवणीनं सांगा.