बालकांचा आकृति-परिचय
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपुरतेच. तेव्हा विद्वत्तेचे व्याख्यान आमच्याकडून घडणार नाही. तथापि प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गावर आमची उमेदीची वर्षे गेली आणि पाटीवर पहिली रेघ ओढणारे चिमुकले हात आम्ही पुष्कळ पाहिले. त्या अनुभवाच्या बळावर, लहान मुलांस आकृत्यांची ओळख कशी करून द्यावी याविषयी यथामति बोलण्यास आम्ही उभे आहोत. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु या क्षुल्लक विषयापायी आपल्या घरांतून सायंकाळी किती अश्रू गळतात, हे येथे बसलेल्या मातांस आम्ही सांगावयास नको.

आकृती ओळखणे निराळे आणि ती काढणे निराळे. तीन वर्षांचे मूल चौकोनी खाचेत चौकोनी ठोकळा बिनचूक बसवते; पण तोच चौकोन पाहून कागदावर उतरविण्यास बहुतेक मुलांस साडेचार-पाच वर्षे पुरी व्हावी लागतात. बालकांच्या वाढीचा ज्यांनी बारकाईने अभ्यास केला त्यांचे निरीक्षण असे की, पाहून वर्तुळ काढणे साधारणतः तिसऱ्या वर्षी जमते, अधिकाच्या चिन्हासारखी फुली चौथ्याच्या सुमारास, चौरस साडेचार-पाचला, त्रिकोण पाच-साडेपाचला, आणि शंकरपाळ्याची आकृती सहा-सात वर्षांची वाट पाहते. क्रम बहुधा हाच राहतो; वय मुलागणिक पुढेमागे होते.

असे का व्हावे? लहान मुलाचा हात खांद्यापासून फिरतो, म्हणून त्याच्या गिरगोट्या आपोआप वाटोळ्या होतात. एके दिवशी फिरता फिरता रेघ आपल्याच आरंभाला येऊन मिळते आणि वर्तुळ जन्मास येते. चौरसाचे तसे नाही. तेथे हातास धावता धावता थांबावे लागते, वळावे लागते, पुन्हा थांबावे लागते. आणि चौथी बाजू नेमकी पहिलीच्या टोकास भिडवावी लागते. त्रिकोणात याहून कठीण गोष्ट येते, ती म्हणजे तिरपी रेघ. उभ्या रेघेला दाराच्या चौकटीचा आधार आहे, आडवीला जमिनीचा. तिरपीने कोणाकडे पाहावे? मनगट आणि बोटे स्थिर झाल्यावाचून ती साधत नाही. यात मुलाच्या बुद्धीचा काही दोष नाही.

गेली दोन वर्षे आपल्या मंडळात पाच वर्षांखालील मुलांची आकृत्या काढण्याची स्पर्धा होत असते. हेतू चांगला आहे, याविषयी शंका नाही. परंतु साडेतीन वर्षांचे मूल चौरसापाशी अडले असता मागे उभी असलेली आई, ‘घरी तर येतं ना तुला!’ असे दातओठ खाऊन म्हणते, हे आम्ही तेथे पाहिले. पाच वर्षांस महिनाभर कमी असलेले मूल आणि साडेतीन वर्षांचे मूल यांच्या हातांत दीड वर्षाची वाढ उभी असते. त्या दोघांस एका ओळीत बसवून बक्षीस द्यावयाचे ते कशाला? जन्मतारखेलाच ना? ही स्पर्धा पुढील वर्षापासून बंद करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते काहींस रुचणार नाही. तरी बोलून मोकळे होतो.

मग काढावयाचा नसेल तर आकार शिकवावयाचा कसा? जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली बालोद्यानाचा पाया घातला. चेंडू, घन आणि दंडगोल ही त्यांची साधने होती. म्हणजे वस्तू आधी मुठीत, रेघ पुढे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे बालगृह उघडले. तेथील मुले लाकडी आकृतीच्या कडेवरून दोन बोटे फिरवीत आणि मग ती आकृती तिच्या खाचेत बसवीत. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. त्यात पाने, बिया, खडे, शंख-शिंपले यांच्यावर काम चालविले. महागड्या पेटीची त्यांस गरज भासली नाही, मग ती आपणांस का भासावी?

आपल्या स्वयंपाकघरात काय कमी आहे? पोळी लाटून ती एकदा दुमडली की अर्धवर्तुळ, पुन्हा दुमडली की एका बाजूने फुगलेला त्रिकोण. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सरळ असतात आणि हिची एक वाकडी आहे, हे मुलाच्या बोटास आपोआप कळते. तोंडाने सांगावे लागत नाही. जेवणाचा पाट आयत, करंजी अर्धवर्तुळ. बांगडी पाटीवर ठेवून तिच्या आतून खडू फिरवावा; बांगडीची कड हातास सांभाळते, घसरू देत नाही. हल्ली मोबाइलच्या काचेवर बोट फिरवून आकार गिरविण्याचे खेळ निघाले आहेत. काचेला कड नसते, बोटास काही अडत नाही. म्हणून बांगडीचे काम ती करील असे आम्हांस वाटत नाही.

नावे सांगताना घाई नको. माँटेसरींच्या पद्धतीत तीन पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी ‘हा त्रिकोण’ एवढेच सांगावे. मग ‘त्रिकोण मला दे’ असे म्हणावे. मुलाने तो पुष्कळदा बिनचूक दिल्यावरच ‘हे काय?’ असे विचारावे. आपण पाहुण्यांदेखत तिसऱ्याच पायरीवर उडी मारतो! आणि तीही ‘सर्कल’, ‘स्क्वेअर’ अशी. मराठीत आधीच थोडा घोटाळा आहे. चेंडूही गोल आणि बांगडीही गोल. शास्त्राप्रमाणे चेंडू हा गोल व बांगडी हे वर्तुळ. तीन वर्षांच्या मुलाने बांगडीला गोल म्हटले तर त्यास टोकू नये. दोन्ही वस्तू जमिनीवर ठेवून ढकलाव्यात. चेंडू कसाही ठेवला तरी घरंगळतो, बांगडी आडवी ठेवली की बसून राहते. तसेच चौरस आणि आयत ही दोन्ही चौकोनाचीच लेकरे आहेत, हे वडील मंडळींनी तरी विसरू नये. ‘हा चौरस, चौकोन नव्हे’ असे मुलांस सांगणारे पालक आम्हांस भेटले आहेत.

आणखी एक गंमत घरी करून पाहावी. पुठ्ठ्याचा चौरस मुलासमोर सरळ ठेवला तर ते ‘चौकोन’ म्हणते. तोच कोपऱ्यावर उभा केला तर म्हणते, ‘शंकरपाळं!’ मूल चुकले असे नाही. या वयात आकृतीची एकंदर ठेवण दिसते, बाजू आणि कोन दिसत नाहीत. व्हॅन हीले या डच दांपत्याने १९५७ साली भूमितीच्या आकलनाच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांतील पहिली हीच. पुस्तकांतले त्रिकोण सदा पाया खाली व टोक वर असे बसलेले. म्हणून उलटा त्रिकोण पाहून पुढे मोठी मुलेही बावरतात. उपाय सोपा आहे. पुठ्ठा मुलाच्या डोळ्यांदेखत हळूहळू फिरवावा आणि त्यास फिरवू द्यावा.

अक्षरांची चिंता करणाऱ्यांस सांगतो : ग, म, भ, न यांत उभी रेघ आहे, ट, ठ, ढ यांत अर्धवर्तुळ आणि वर्तुळ आहे, व आणि ब यांचे पोट वाटोळे आहे. धुळपाटीवर, रांगोळीत, ओल्या बोटाने शहाबादी फरशीवर ज्याने उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा आणि वाटोळी वळणे मनसोक्त काढली, त्याचे अक्षर मागाहून वळणावर येते.

लग्नपत्रिकांचा जाड कागद आपल्याकडे दर हंगामात वाया जातो. त्याचे चौरस, आयत, त्रिकोण व वर्तुळे आम्ही कापून ठेवली आहेत. प्रत्येक आकाराची खाच असलेली चौकटही सोबत आहे. मुलाने आधी चौकटीच्या आतून पेन्सिल फिरवावी आणि ते जमल्यावर कापलेल्या आकाराच्या बाहेरून. असे चाळीस संच मंडळाच्या कचेरीत ठेवले आहेत. मूल्य काही नाही. ज्यांच्या घरी तीन ते सहा वर्षांचे मूल आहे त्यांनी येऊन न्यावेत, आणि ते मूल मोठे झाल्यावर दुसऱ्या घरी द्यावेत.