खिळ्याविना उभी खुर्ची
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपल्या छंदाविषयी पाच मिनिटे बोलायचे, असे संयोजकांनी ठरवले आहे. माझा छंद आहे जुने चिनी फर्निचर. हसू नका! कंपनीच्या कामासाठी दोन वर्षे शांघायला होते. सुट्टीच्या दिवशी तिथल्या शांघाय म्युझियममध्ये जायचे आणि फर्निचरच्या दालनातच रमायचे.

चीनमध्ये मिंग राजवट १३६८ ते १६४४ पर्यंत होती. तिच्या उत्तरार्धात आणि नंतरच्या छिंग राजवटीच्या सुरुवातीला तिथे अप्रतिम खुर्च्या, मेजे, पलंग, कपाटे घडली. सर्वांत नावाजलेले लाकूड ‘ह्वांगह्वाली’. ते आपल्या शिसवाच्याच कुळातले. दुसरे ‘त्झथान’, म्हणजे आपल्याकडचे रक्तचंदन!

पण खरी गंमत सांध्यांत आहे. एका लाकडात खाच, दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात नेमके बसणारे कुसू. खिळा नाही, सरस असलाच तर नावापुरता. गोल पाठीच्या खुर्चीची ती वळणदार कड तीन किंवा पाच तुकडे जोडून केलेली असते, पण हात फिरवला तरी जोड कळत नाही. मेजाची फळी चौकटीला घट्ट ठोकत नाहीत, तिच्या खाचेत मोकळी सरकवतात. पावसाळ्यात आपली दारे फुगून अडकतात ना? तसे लाकूड फुगले तरी त्या फळीला जागा असते, म्हणून ती तडकत नाही.

या फर्निचरचा अभ्यास करणाऱ्यांत मोठे नाव वांग शीशिआंग यांचे (१९१४–२००९). लोक जुनी मेजे मोडीत काढत होते, त्या काळात त्यांनी ती शोधली, सांधे समजून घेतले, सुतारांकडून त्यांच्या तोंडचे शब्द गोळा केले. त्यांच्या पत्नी युआन छ्वेनयोऊ यांनी सांध्यांची रेखाचित्रे काढली. १९८५ साली त्यांचे पुस्तक आले आणि जगभर या वस्तूंच्या किमती चढल्या. वांग यांच्या संग्रहातल्या ७९ वस्तू मात्र विखुरल्या नाहीत, त्या एकत्र शांघाय म्युझियमला गेल्या. मी ज्या दालनात रमायचे, त्यात त्या होत्या. संग्राहक हा मालक कमी आणि राखणदार जास्त, हे मला तिथे पटले.

माझा संग्रह तीन नगांचा. दोन स्टुले आणि एक अरुंद मेज, तेही एल्म नावाच्या साध्या लाकडाचे, गावाकडच्या घरांतले. ह्वांगह्वाली माझ्या पगारात बसत नाही! पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते मांडताना मी दोनच नियम पाळते. एक, प्रत्येक वस्तूभोवती मोकळी जागा ठेवायची, कारण तिचा घाट बाजूने पाहिल्यावरच कळतो. दुसरा, वस्तू वापरायची. मिंग काळातल्या घरांत मेज-खुर्च्या प्रसंगाप्रमाणे उचलून हलवत, अंगणातही नेत. त्यामुळे पाहुणे विचारतात, “बसू का यावर?” तेव्हा मी म्हणते, “बसा की!” एका स्टुलाचा पाय डुगडुगायला लागला तेव्हा आमच्या सुतारकाकांनी खिळा काढला. मी त्यांना सांधा दाखवला. ते बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिले आणि म्हणाले, “ताई, हे ठोकायचं काम नाही.” त्यांनी लाकडाची बारीक पाचर करून बसवली. तो पाय अजून घट्ट आहे.

आता मुद्द्याचे. आपली जुनी इमारत पाडायची आहे आणि सागवानी बाक भंगारात निघणार आहेत, असे सकाळी कळले. सगळे ठेवा असा हट्ट मी धरणार नाही, नव्या वर्गांना जागा हवीच. पण एक बाक, एक फळा-स्टँड आणि प्रयोगशाळेतले ते उंच टेबल ठेवू या. त्यांची मापे घेऊ, फोटो काढू, कोणत्या वर्गात होते ते लिहून ठेवू. आणि काचेत बंद न करता वाचनालयात मांडू, मुलांना बसता येईल असे. मापे घ्यायला मी उद्या सकाळी नऊ वाजता टेप घेऊन येते आहे. सुतारकामाच्या तासाला ज्यांचे सांधे सरांनी वाखाणले होते, त्यांनी जरूर यावे.