ठिबकची नळी पारखून घ्या

श्रोतेहो, बीड जिल्हा पर्जन्यछायेतला. इथे पाण्याचा थेंब मोलाचा. तो पिकाच्या मुळाशी नेणारी ठिबकची काळी नळी कशी होते, ते आज पाहू या.

पॉलिथिलिनचे दाणे यंत्राच्या चाड्यात ओततात. आतला मळसूत्री दांडा ते पुढे रेटतो. शेवयांच्या यंत्रासारखेच समजा ना! सुमारे २०० अंश उष्णतेत दाणे वितळतात, साच्यातून नळी होऊन निघतात आणि थंड पाण्याच्या हौदातून जातात. दाणे ओलसर असले, की नळीत बुडबुडे राहतात. ओढ कमीजास्त झाली, की नळी कुठे जाड, कुठे पातळ होते. पातळ जागीच ती फुटते.

काळा रंग शोभेचा नव्हे. सुमारे २.५ टक्के काजळी मिसळतात. ती उन्हापासून नळीला राखते. काजळी कमी पडली, तर नळी ऐन उन्हाळ्यात तडकते आणि उभे पीक वाळते.

म्हणून घेताना नळीवर भारतीय मानकाचा शिक्का बघा. साध्या नळीला आयएस १२७८६, आतच तोट्या बसवलेल्या नळीला आयएस १३४८८. टोक कापून कड सगळीकडे सारखी आहे ना, तेही पाहा. पावती जपून ठेवा. गुरुजी, एक तुकडा वर्गात न्या. मुलांना जाडी मोजू द्या. हीच पारख उद्या त्यांच्या शेतात उपयोगी पडेल.