गोळीशेजारचा माणूस

कवी म्हटला, की त्याला नशापाण्यातलं कळत असणार, असा लोकांचा एक गोड समज असतो. त्यामुळेच की काय, पण हल्ली मला वरचेवर विचारतात, ‘परदेशात म्हणे जादूच्या अळंब्यांनी नैराश्य बरं होतं. खरं का हो?’ विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कुणीतरी महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडलेलं असतं. त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

या अळंब्यांतलं द्रव्य म्हणजे सिलोसायबिन. मेक्सिकोतले माझातेक लोक आजाऱ्यासाठी रात्रीचा विधी करतात, त्यात जाणत्या बाईच्या किंवा पुरुषाच्या देखरेखीखाली ही अळंबी खातात. १९५७ साली ‘लाइफ’ मासिकात त्यावर लेख आला आणि जगाला ती ठाऊक झाली. एलएसडी शोधणाऱ्या अल्बर्ट हॉफमन यांनी पुढच्याच वर्षी त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. १९७० च्या अमेरिकन कायद्यानं दोन्हींवर कडक बंदी आली आणि संशोधन कित्येक वर्षं थंडावलं.

आता गुण किती येतो ते पाहू. इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांवरची चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यांना एकदाच मात्रा दिली होती. तीन आठवड्यांनी, मोठी मात्रा घेतलेल्यांपैकी ३७ टक्के जणांचा आजार निम्म्यानं तरी उतरला होता. नावापुरती मात्रा घेतलेल्यांत हा आकडा १८ टक्के होता. बारा आठवडे गुण टिकला तो मात्र अनुक्रमे २० आणि १० टक्क्यांत. म्हणजे फरक पडतो, पण चमत्कार म्हणावा असा नाही. २०२१ साली नेहमीच्या एका गोळीशी तुलना झाली, ५९ रुग्णांवर. ठरवलेल्या मुख्य मोजमापात दोन्हींत ठोस फरक निघाला नाही.

शिवाय एक पेच आहे. चाचणीत खरं औषध कुणाला आणि खोटं कुणाला, हे रुग्णाला कळता कामा नये. इथं तासाभरात भिंती श्वास घेऊ लागतात! ज्याला काहीच दिसत नाही तो ओळखतो, की आपल्या वाट्याला खोटी गोळी आली. मग आशा नि निराशा दोन्ही आकड्यांत मिसळतात. एमडीएमए या वेगळ्या औषधाला अमेरिकेनं ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता नाकारली, त्यामागच्या आक्षेपांत हाही होता.

मला स्वतःला त्या खोलीचं वर्णन फार बोलकं वाटतं. आधी बैठका घेऊन ओळख करून घेतात. मग शांत खोली, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, आणि सहा-आठ तास उशाशी बसलेला प्रशिक्षित माणूस. नंतर पुन्हा बोलणं. यातलं किती गोळीचं आणि किती त्या सोबतीचं, हे अजून कुणाला वेगळं काढता आलेलं नाही. आमच्याकडे आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या आयाबहिणींना कुणी मोजलं नाही, हा भाग वेगळा.

धोक्याचंही तसंच. ज्यांना किंवा ज्यांच्या रक्ताच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे, त्यांना चाचणीत घेतच नाहीत. तेव्हा ‘सुरक्षित’ हा शब्द निवडलेल्या रुग्णांपुरताच खरा. त्यांनाही डोकेदुखी, मळमळ होते, आणि २०२२ च्या त्या चाचणीत आत्महत्येचे विचार प्रत्येक गटात काही जणांत आढळले. लिथियम घेणाऱ्यांना अशा द्रव्यांनी झटके आल्याच्या नोंदी आहेत. कोडाईकनालहून कुणी पुडी आणून दिली, म्हणून चालू गोळ्या बंद करून ती खाणं हा या चाचण्यांतला उपचार नव्हेच. आणि सिलोसायबिन आपल्याकडे १९८५ च्या कायद्याखाली येतं.

ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून हा उपचार खुला केला, पण परवानाधारक मनोविकारतज्ज्ञांपुरताच. खर्च हजारो डॉलरांत जातो, आणि त्यातला मोठा वाटा उशाशी बसणाऱ्या माणसांच्या तासांचा असतो. आपल्या सरकारी दवाखान्यात मनोरुग्णाच्या वाट्याला डॉक्टरांची मोजकी मिनिटं येतात. उद्या कायदा बदलला आणि औषध स्वस्त झालं, तरी ते आठ तास कुठून आणायचे, हे मला कुणी सांगितलेलं नाही.