जागा देणारा देव

महाशिवरात्रीला सातपुड्यातली माणसं नवं धान्य घेऊन देवमोगऱ्याला याहामोगी देवीच्या दर्शनाला जातात. नवापूरकडची कितीतरी मावची आदिवासी कुटुंबं रविवारी चर्चमध्ये बसतात. पेरणं आपलं, उगवणं मात्र आपल्या हातचं नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. म्हणूनच बायबलमधली उत्पत्तीची कथा आपल्या या भागात सांगायला मला मोकळं वाटतं.

तिथला देव एकेक रोप स्वतः घडवत बसत नाही. झाडं-झुडपं उगवण्याचं काम तो भूमीला सांगतो, जलचरांचं पाण्याला. सर्वशक्तिमान म्हणवणारा हा देव निर्मितीत निर्मितीलाच सामील करून घेतो.

शेजारच्या बाबिलोनची कथा याच्या अगदी उलट. तिथे मार्दुक हा देव समुद्राची आदिदेवी तियामत हिला ठार मारतो, तिच्या देहातून आकाश रचतो आणि तिचा साथीदार किंगू याच्या रक्तातून माणूस घडवला जातो, तो देवांचे कष्ट उपसण्यासाठी. उत्पत्तीचा पहिला अध्याय यहुद्यांच्या बाबिलोनमधल्या बंदिवासाच्या सुमारास आकाराला आला, असं बरेच अभ्यासक मानतात. पराभूत, परमुलखात नेलेल्या लोकांनी मांडलेल्या या कथेत युद्धच नाही, हे मला फार मोठं वाटतं. बाबिलोनमध्ये पुजले जाणारे सूर्य-चंद्र इथे निर्मितीच्या चौथ्या दिवशी येतात, केवळ दिवे म्हणून.

दुसऱ्या अध्यायात तर देव प्राण्यांना आदामापुढे आणतो आणि तो त्यांना काय नावं देतो हे पाहत थांबतो. आदाम देईल तेच नाव कायम होतं. दुसऱ्याचा शब्द ऐकायला थांबणं हा ईश्वराचा गुण असू शकतो, हे आपण पुरेसं मनावर घेतलेलं नाही.

‘पृथ्वीवर सत्ता चालवा’ ही आज्ञाही याच कथेत आहे, ती मी झाकणार नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा-धडगावची तेहतीस गावं बाधित झाली. त्या लोकांपुढे हे वचन उच्चारताना जीभ अडखळायला हवी. पण ज्या देवाच्या प्रतिरूपात माणूस घडला, त्याची सत्ता कशी चालते ते आपण आत्ताच पाहिलं. आणि एदेन बागेत माणसाला ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. जंगल ओरबाडण्याची परवानगी या कथेत शोधणाऱ्याने दुसरा अध्याय वाचलेलाच नसतो.

सातव्या दिवशी देव विसावतो. पुढे बायबलच्याच निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात त्याच विसाव्याचा दाखला देऊन दास, दासी, गुरंढोरं आणि परका माणूस या सगळ्यांना सुट्टी सांगितली आहे. आपल्या तालुक्यांतली माणसं दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात. तो सातवा दिवस त्यांचाही आहे, आणि तो त्यांना कोण देतं, हे चर्चमध्ये आणि ग्रामसभेत दोन्हीकडे विचारायला हवं.