कचऱ्याचा डबा आणि काळं अस्वल

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात डुरँगो हे डोंगरातलं गाव आहे. तिथं काळी अस्वलं रात्री वस्तीत शिरायची, कारण कचऱ्याचे डबे सहज उघडायचे. हिवाळ्याच्या लांब झोपेआधी हा प्राणी दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत खातो. रानात फळं कमी आली, की वासामागे गावात येतो. २०११ ते २०१६ या काळात चाललेल्या अभ्यासात संशोधकांनी काही भागांत अस्वलाला न उघडणारे हजारावर डबे वाटले. त्या भागांत कचऱ्यावरून होणारे प्रसंग इतर भागांपेक्षा ६० टक्क्यांनी कमी राहिले. पण नुसता डबा देऊन भागत नाही. त्याची कडी रोज लावावी लागते, आणि लोकांना शिकवायचं ते हेच. पक्ष्यांचे दाणे, कुत्र्याचं खाणं, तेलकट शेगडीसुद्धा आत घ्यायची. अस्वल समोर आलंच तर पळू नका. मोठ्यानं बोलत हळूहळू मागं सरा. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल अनेकदा शेवटी मारलं जातं, आणि त्यात त्या मुक्या जिवाचा काहीच दोष नसतो. तिकडं राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कळकळीची विनंती: कचरा रात्री बाहेर ठेवू नका, गाडी येणार त्या दिवशी सकाळीच काढा.