दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेले हेडमास्तर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भारताचा क्रिकेट संघ जाहीर झाला की आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं, ते मी वेगळं सांगायला नको. दूधवाल्यापासून बँकेतल्या साहेबांपर्यंत प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा अकरा जणांचा संघ तयार असतो. ‘याला का घेतलं’ आणि ‘त्याला का वगळलं’ या दोन प्रश्नांवर लोकलचा अख्खा प्रवास निघून जातो. आज मी तुम्हाला अशा एका देशात नेणार आहे, जिथं हाच वाद रग्बीवरून होतो आणि आपल्यापेक्षाही कडाक्याचा होतो. तो देश म्हणजे न्यूझीलंड. सारा देश मिळून लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण काळा गणवेश घालणाऱ्या त्यांच्या ‘ऑल ब्लॅक्स’ संघानं कुणाला घ्यावं, यावर मत नसलेला माणूस तिथं शोधावा लागेल. रेडिओवर श्रोत्यांचे फोन घेणारे कार्यक्रम तिकडे फार लोकप्रिय आहेत आणि सामना हरला की त्या फोनांना खळ नसतो.

रग्बी आपल्याला अगदीच परकी नाही. पावसाळ्यात मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यासमोरून जाताना चिखलात लोळणारे धिप्पाड गडी तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. एका बाजूला पंधरा खेळाडू. पहिले आठ ‘फॉरवर्ड’, म्हणजे रेटारेटी करून चेंडू मिळवणारे. उरलेले सात ‘बॅक’, म्हणजे मिळालेला चेंडू घेऊन पळणारे. या दोघांच्या मध्ये दहा नंबरचा खेळाडू उभा असतो. चेंडू लाथेनं पुढे मारायचा, हातानं पास द्यायचा की स्वतः घुसायचं, हे त्यानं क्षणात ठरवायचं. म्हणून निवडीवरचे निम्मे वाद या दहा नंबरवरून होतात. हा नंबर लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

रग्बीचा पहिला विश्वचषक १९८७ साली झाला आणि न्यूझीलंडनं तो ऑकलंडच्या ईडन पार्कवर जिंकला. लोकांना वाटलं, आता हा चषक आपलाच. पण १९९१ साली उपांत्य सामन्यात हार, १९९५ साली अंतिम सामन्यात हार, १९९९ आणि २००३ साली पुन्हा उपांत्य सामन्यात हार. आणि हार झाली की प्रशिक्षक बदलायचा, हा शिरस्ताच पडला. १९९९ साली फ्रान्सनं हरवल्यावर जॉन हार्ट या प्रशिक्षकांनी राजीनामा दिला. लोकांचा राग इतका, की ख्राइस्टचर्चला शर्यतीत उतरलेल्या त्यांच्या घोड्यालाही प्रेक्षकांनी सोडलं नाही. त्या मुक्या जनावरानं संघनिवडीत काय चूक केली होती, देव जाणे!

२००३ च्या अखेरीस प्रशिक्षकपद आलं ग्रॅहम हेन्री यांच्याकडे. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर, ऑकलंडच्या केल्स्टन बॉइज हायस्कूलचे हेडमास्तर होते. त्यांनी आपल्या मदतीला घेतलेले दोघे होते स्टीव्ह हॅन्सन आणि वेन स्मिथ. आता या तिघांची आधीची प्रगतिपुस्तकं जरा पाहा. हेन्री २००१ साली ब्रिटन-आयर्लंडच्या ‘लायन्स’ या संयुक्त संघाचे प्रशिक्षक होते आणि ऑस्ट्रेलियात मालिका हरून आले होते. हॅन्सन वेल्सचे प्रशिक्षक असताना २००३ च्या सहा देशांच्या स्पर्धेत वेल्सनं पाचही सामने गमावले होते. आणि स्मिथ तर २००१ पर्यंत खुद्द ऑल ब्लॅक्सचेच मुख्य प्रशिक्षक होते. आपण या पदाला पुरेसे आहोत का, अशी शंका त्यांनी प्रामाणिकपणे बोलून दाखवली आणि त्यांची जागा गेली. तोच माणूस तीन वर्षांच्या आत मदतनीस म्हणून परत आला. थोडक्यात, तिघेही एकेकदा नापास झालेले!

सुरुवातीला सारं झकास चाललं. २००५ साली लायन्स संघ न्यूझीलंडला आला आणि तिन्ही कसोट्या हरून गेला. पण वाद सुरू झाला तो हेन्रींच्या निवडपद्धतीवरून. ते दर सामन्याला संघ बदलत. त्यांचं म्हणणं असं, की हा खेळ हाडं मोडणारा आहे, तेव्हा प्रत्येक जागेसाठी दोन तयार खेळाडू हवेत. रसिकांचं म्हणणं, की पंधरा जणांना एकमेकांची सवय व्हायला हवी, रोज वेगळा जोडीदार दिला तर सूर जुळणार कसा? २००७ साली तर हेन्रींनी कमाल केली. विश्वचषकासाठी ताजेतवाने राहावेत म्हणून बावीस प्रमुख खेळाडूंना ‘सुपर १४’ या स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यातून बाजूला काढलं आणि व्यायामाला लावलं. तिकीट काढून येणारे प्रेक्षक चिडले. खेळाडू खेळून तयार होतो की न खेळून, असा साधा प्रश्न लोक विचारू लागले.

उत्तर मिळालं ६ ऑक्टोबर २००७ रोजी, वेल्समधल्या कार्डिफ शहरात. उपांत्यपूर्व सामना, समोर पुन्हा फ्रान्स. मध्यंतराला न्यूझीलंडकडे १३-३ अशी आघाडी. मग दहा नंबरचा डॅन कार्टर जायबंदी होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी आलेला निक इव्हान्सही दुखापतीनं बाहेर गेला. फ्रान्सच्या निर्णायक चढाईत एक पास पुढे दिला गेला होता, तो पंचांच्या नजरेतून सुटला. गुणफलक झाला २०-१८. केवळ दोन गुणांची पिछाडी होती. चेंडू हातातून सोडून उसळताना लाथाडायचा, त्याला ‘ड्रॉप गोल’ म्हणतात. त्याचे तीन गुण मिळतात. पण खांबांजवळ पोचूनही तो मारण्याची कुणाची तयारी दिसली नाही. शेवटी मारला तो फार लांबून, आणि चुकला. विश्वचषकातून न्यूझीलंड इतक्या लवकर पूर्वी कधीच बाहेर पडलं नव्हतं.

देशात काय झालं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. त्याच वर्षी मार्चमध्ये वेस्ट इंडीजमधून आपला क्रिकेट संघ पहिल्याच फेरीत परतला होता आणि रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले होते. राग सगळीकडे सारखाच असतो. न्यूझीलंडच्या रसिकांचा राग तर पंचांपासून सुरू होऊन हेडमास्तरांपाशी थांबला. शिवाय त्यांच्यापाशी पर्याय तयार होता. रॉबी डीन्स या प्रशिक्षकांनी ख्राइस्टचर्चच्या ‘क्रुसेडर्स’ संघाला तोवर चार वेळा सुपर स्पर्धा जिंकून दिली होती. लोकांचा हिशेब सरळ होता : जिंकणारा बाहेर उभा आहे, मग हरणाऱ्याला आत कशाला ठेवायचं?

आणि इथं रग्बी संघटनेनं शिरस्ता मोडला. तिनं पद खुलं केलं, अर्ज मागवले, मुलाखती घेतल्या. हेन्री उमेदवार म्हणून पुन्हा उभे राहिले, परीक्षा घेण्याची सवय असलेले हेडमास्तर स्वतः परीक्षेला बसले. डिसेंबर २००७ मध्ये निकाल लागला आणि पद हेन्रींनाच मिळालं. विश्वचषकातल्या पराभवाची स्वतंत्र चौकशीही झाली आणि तिचा अहवाल लोकांसमोर ठेवण्यात आला. डीन्स ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्या संघाचे पहिले परदेशी प्रशिक्षक झाले. रसिकांच्या जखमेवर याहून जास्त मीठ कोण चोळणार?

आता माझा आजचा मुद्दा. आपल्या भाषेत ‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ हे दोन शब्द एकाच धातूतून आले आहेत. पराभवानंतर रसिक मागतो ती शिक्षा. पण त्या पराभवात संघाचं जे नुकसान झालं, त्याची फी आधीच भरलेली असते. फी भरून झाली, आणि शिकणाऱ्यालाच शाळेतून काढलं, तर शिक्षण पदरात कुणाच्या पडणार? खेळाडू कोण असावा आणि प्रशिक्षक कोण असावा, हे दोन वेगळे वाद वाटतात. मला तो एकच वाद वाटतो. चुकलेल्या माणसाला शिकायला जागा द्यायची की नाही, एवढाच तो प्रश्न आहे.

अर्थात, जागा दिली म्हणजे माणूस शिकतोच असं नाही. २००९ साली न्यूझीलंड एकाच हंगामात दक्षिण आफ्रिकेकडून तीनदा हरलं आणि रेडिओवर पुन्हा फोन वाजू लागले. तेव्हा या तिघा प्रशिक्षकांनी एक चमत्कारिक गोष्ट केली, आपापली कामं आपसांत बदलून घेतली. इतकी वर्षं एकच विषय शिकवणाऱ्या मास्तरांनी दुसऱ्याचा तास घ्यावा, तसं. दुसरी गोष्ट, कार्डिफला शेवटच्या दहा मिनिटांत खेळाडूंची डोकी का बधिर झाली, याचा त्यांनी पाठपुरावा केला. सेरी इव्हान्स हे माजी फुटबॉलपटू पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले होते, त्यांची मदत घेतली. तापलेलं डोकं लाल, शांत डोकं निळं, अशी त्यांची सोपी भाषा. गोंधळ उडाला की खोल श्वास घ्यायचा, पाय जमिनीवर टेकलेत याची जाणीव ठेवायची, मग निर्णय घ्यायचा. कार्डिफला हरलेला कर्णधार रिची मॅककॉ, त्यालाही त्यांनी काढलं नव्हतं. तोही हे धडे गिरवत होता.

२०११ चा विश्वचषक न्यूझीलंडमध्येच झाला. आणि नियतीनं पुन्हा दहा नंबरवरच बोट ठेवलं. डॅन कार्टर सरावात जायबंदी झाला, स्पर्धेबाहेर गेला. त्याच्या जागेवरचा कॉलिन स्लेड उपांत्यपूर्व सामन्यात जायबंदी झाला. उरला आरॉन क्रूडन. आता आणखी एक राखीव हवा होता, आणि बोलावणं गेलं स्टीफन डोनाल्डला.

हा डोनाल्ड म्हणजे रसिकांचा नावडता गडी. २०१० साली हाँगकाँगमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो बदली म्हणून उतरला, शेवटच्या मिनिटांत त्याच्या किका चुकल्या आणि हातातला सामना २६-२४ असा गेला. लोकांनी त्याचं नाव टाकलं. निवडलेल्या तीस जणांत तो नव्हता. इंग्लंडच्या बाथ संघाशी करार करून तो देश सोडायच्या तयारीत होता. बोलावणं आलं तेव्हा तो वायकाटो नदीवर जाळं लावून बारीक मासे पकडत बसला होता आणि फोन उचलतच नव्हता!

उपांत्य सामन्यात न्यूझीलंडनं ऑस्ट्रेलियाला २०-६ असं हरवलं. त्या ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक कोण? रॉबी डीन्स. २३ ऑक्टोबर २०११ रोजी ईडन पार्कवर अंतिम सामना झाला आणि समोर पुन्हा फ्रान्स. टोनी वूडकॉकनं ट्राय करून पाच गुण मिळवले, पण पिरी वीपूच्या किका चुकत होत्या. मध्यंतराआधीच क्रूडनचा गुडघा दुखावला आणि डोनाल्ड मैदानात आला, अंगाला आखूड होणारा सदरा घालून. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात पेनल्टी मिळाली. वीपू मागे राहिला, चेंडूपाशी डोनाल्ड गेला. हाँगकाँग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असणारच. त्यानं किक मारली आणि चेंडू खांबांमधून गेला. तीन गुण. लगेच फ्रान्सनं सात गुण मिळवले आणि मग अर्धा तास गुणफलक हलला नाही. ८-७. मॅककॉ मोडक्या पायानं खेळत होता, पण डोकं निळं होतं. चोवीस वर्षांनी चषक परत आला. ज्याचं नाव लोकांनी टाकलं होतं, त्याच्या तीन गुणांवर आला.

मग रसिक चुकीचे होते का? नाही. त्यांनी विचारलेले प्रश्न बरोबरच होते. बावीस खेळाडूंना न खेळवणं ही चूक होती. डीन्स यांच्यावर अन्याय झाला, असं म्हणणाऱ्यांपाशीही मुद्दे होते. लोकांनी जाब विचारला म्हणून चौकशी झाली आणि हेन्रींना स्वतःच्या चुका तपासाव्या लागल्या. जाब न विचारता दिलेली दुसरी संधी म्हणजे नुसती मेहेरबानी. आणि संधी न देता विचारलेला जाब म्हणजे नुसता सूड. दोन्ही एकत्र आले, म्हणून २०११ घडलं.

हे एकत्र येणं सोपं नाही, हे त्याच देशात पुढे दिसलं. २०२२ साली इयन फॉस्टर प्रशिक्षक असताना घरच्या मैदानावर आयर्लंडकडून मालिका गमावली. संघटनेनं त्यांचे दोन सहायक बदलले, त्यांना मात्र ठेवलं. आणि मग २०२३ च्या विश्वचषकाआधीच जाहीर केलं, की स्पर्धा संपल्यावर स्कॉट रॉबर्टसन येतील. धड विश्वास नाही, धड निरोप नाही. फॉस्टर तरीही अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि कर्णधार बाहेर गेल्यानं चौदा गड्यांनिशी लढून दक्षिण आफ्रिकेकडून ११-१२ असे, एका गुणानं हरले. त्या एका गुणावर तिकडे अजून बराच काळ वाद चालेल.

जाता जाता वेन स्मिथ यांच्याविषयी. स्वतःवरची शंका बोलून दाखवली म्हणून ज्यांचं पद गेलं होतं, ते स्मिथ. २०२१ च्या अखेरीस न्यूझीलंडच्या महिला संघाला इंग्लंड आणि फ्रान्सनं वाईट हरवलं होतं. त्या संघाची सूत्रं २०२२ साली साठी ओलांडलेल्या स्मिथ यांच्याकडे आली. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला, त्याच ईडन पार्कवर, त्यांच्या मुलींनी इंग्लंडला ३४-३१ असं हरवून विश्वचषक जिंकला.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी संघ जाहीर होईल आणि तुम्ही तावातावानं म्हणाल, ‘याला पुन्हा कशाला घेतलं?’ जरूर म्हणा. तो आपला हक्क आहे. फक्त त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारा : ‘मागच्या वेळेपासून हा काय शिकला?’ त्याचं उत्तर मिळालं, तर त्या गड्याला मैदानात उतरू द्या.